गाडीखाली शिरण्याआधी

पावसाळ्याआधी ब्रेक घरीच तपासायचे, म्हणून आज ट्रॉली जॅक पाहून आलो. लहान हॅचबॅकचं वजन टनाच्या आसपास, तिला २ टनी जॅक पुरतो. फक्त तो गाडीखाली सहज सरकायला हवा आणि चाक सुटेल इतका वर जायला हवा.

मन मात्र जॅक स्टँडपाशी रेंगाळलं. जॅक तेलाच्या दाबावर भार धरतो. सील गळलं की गाडी खाली बसते. स्टँडमध्ये भार पोलादी खाचेवर किंवा पिनेवर टेकतो. जॅकने उचलायचं, स्टँडने पेलायचं. पैसे कमी पडले तर जॅक साधा घेईन, स्टँडची जोडी मात्र भक्कमच. जमीन सपाट, काँक्रीटची; टेकलेल्या चाकांना ठोकळे; स्टँड मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच.

नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कुणीही, क्षणभरही जाऊ नये.