वैशाखांतील गोदावरी आणि तिचे डोह

गळ टाकून मासे धरण्याच्या विद्येशीं आपल्या घरांचा संबंध तो काय, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. ज्या स्वयंपाकघरांत मासा कधीं शिजला नाहीं, तेथें ही चर्चा कशाला? परंतु या विद्येचा खरा विषय मासा नसून नदी आहे. विलायतेंतील डोंगरी नद्यांवर उन्हाळ्यांत ट्राउट धरणारे लोक पिसांची खोटी माशी गळास बांधून ती प्रवाहावर अलगद सोडतात. मासा कोणत्या दगडाआड, कोणत्या भोंवऱ्याच्या कांठीं उभा असेल, हें पाण्याकडे पाहून ओळखणें यांतच त्यांचें सारें कौशल्य असतें. नदीकडे अशा नजरेनें पाहण्याची संवय आपणांसही हवी.

ट्राउट मात्र आपल्या प्रांतीं जगणार नाहीं. इंग्रजांनीं तो 1900 च्या सुमारास काश्मीरांत आणिला, पुढें निलगिरीवरही रुजविला. कारण त्याला थंड पाणी लागतें. 10 अंश उष्णतेच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें 11 मिलिग्रॅम प्राणवायु विरघळून राहतो. 30 अंशांवर तो साडेसातांवर येतो. वैशाखांत मराठवाड्यांतील हवेचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हां त्या पाहुण्याची येथें काय कथा!

परंतु आपल्या नद्यांचा राजा निराळा आहे. तो म्हणजे महासीर. हेन्री सलिव्हन थॉमस नांवाच्या मद्रासकडील इंग्रज अधिकाऱ्यानें हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर 1873 सालीं एक ग्रंथ लिहिला, त्यांत मानाचें पान या माशाचें आहे. दख्खनच्या महासीराचें शास्त्रीय वर्णन त्यापूर्वींच, 1839 मध्यें, कर्नल साइक्स यांनीं केलें होतें. दख्खनमधील माशांना नांवें देतांना त्यांनीं अनेक ठिकाणीं येथील लोकांच्या तोंडचींच नांवें उचललीं. त्यामुळें ‘खुद्री’, ‘कोळस’ अशीं नांवें लॅटिनच्या पंक्तीस जाऊन बसलीं.

हा मासा उन्हाळा कसा काढतो, हें समजून घेण्यासाठीं छत्रपति संभाजीनगराहून दक्षिणेस सुमारें 50 किलोमीटरांवरील पैठणास जावें. नाथांच्या समाधीचें दर्शन घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरल्या म्हणजे समोर गोदावरीचें विस्तीर्ण पात्र दिसतें. दख्खनच्या नद्यांना हिमालयाचें बर्फ नाहीं. पाऊस सरला कीं त्या दिवसेंदिवस आटत जातात, आणि वैशाखांत धार तुटून मागें राहतात ते डोह. खडकांत कोरलेल्या त्या खोल पाण्यांत तळाशीं गारवा टिकतो, आणि साऱ्या नदीचे जीव तेथें आश्रयास येतात. मृगाचा पाऊस पडून नदी चढूं लागली, कीं महासीर प्रवाहाविरुद्ध वर निघतो आणि गोट्यांच्या, वाळूच्या उथळ पाण्यांत अंडीं घालतो. घरांत पुढच्या पेरणीचें बियाणें जपून ठेवतात ना? तसा डोह म्हणजे नदीचें बियाणें होय.

पैठणच्या वरच्या अंगास आज नाथसागर पसरला आहे. जायकवाडी धरणाची कोनशिला 18 ऑक्टोबर 1965 रोजीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें बसली, आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. सुमारें 10 किलोमीटर लांबीच्या या बांधानें संभाजीनगरची तहान भागविली, मराठवाड्याच्या शेतांना पाणी दिलें; 1986 सालीं जलाशयास पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून मान्यताही मिळाली. हे उपकार थोडे नव्हेत. परंतु बांधावरून मासा चढूं शकत नाहीं. वरचे डोह जलाशयाच्या पोटांत गेले, खालच्या पात्राचें भाग्य दरवाजांच्या हातीं राहिलें, आणि वाहत्या पाण्याच्या माशाची वाट खुंटली. जेथें वाळू उपसली जाते, तेथें अंडीं घालण्याची जागाही उरत नाहीं.

मग उपाय? तो आपल्याच परंपरेंत आहे. रायगड जिल्ह्यांत महाडजवळ, काळ नदीवरील वाळणकोंडीच्या डोहांत, वरदायिनी देवीच्या आश्रयानें महासीर निर्भय वावरतात. वाडा तालुक्यांतील तिळसें येथें वैतरणेच्या डोहांतील मासे शिवमंदिराच्या छत्राखालीं राहतात. तेथें गळ पडत नाहीं. भाविक माशांना खाऊ घालतात. पूर्वजांनीं देवाचें नांव लावून जें केलें, तेंच आज विचारपूर्वक करावयाचें आहे. गोदेच्या पात्रांत जे डोह अजून शिल्लक आहेत, त्यांतील कांहीं तरी वाळूउपशापासून, सुरुंगापासून आणि विषापासून राखून ठेवले पाहिजेत; आणि हें काम कांठच्या गांवांना व मासेमारीवर पोट भरणाऱ्या कुटुंबांना बरोबर घेऊनच होईल.

येत्या सुटींत मुलांना पैठणास न्याल, तेव्हां स्नान झाल्यावर घटकाभर त्यांना घाटावर बसवा. पाणी कोठें वाहतें, कोठें थबकतें, सावली कोठें पडते, हें त्यांना पाहूं द्या. ज्या पिढीला डोह ओळखतां येईल, तीच तो राखील.