पाटीवरचं नाव

धुळ्यात आमच्या घराला नंबर आहे, पण तो कुणी वापरत नाही. जळगावला इंजिनिअरिंगला असताना घरी पार्सल पाठवायचं म्हणून पत्ता विचारला, तर वडील म्हणाले, "माझं नाव टाक, पोचतं बरोबर."

म्युनिकला आल्यावर 2 आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म न्यायचा, हे सगळं मी यादी करून पाळलं. टॅक्सचा 11 आकडी नंबर पोस्टानं येणार होता. महिना झाला तरी आला नाही. बँकेचं कार्डही परत गेलं. शेवटी शेजारच्या आजींनी खाली नेऊन दाखवलं. आमच्या इमारतीत फ्लॅटला नंबरच नाहीत. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव बघतो. माझ्या पेटीवर अजून आधीच्या भाडेकरूचं होतं.

चिठ्ठीवर आडनाव लिहून चिकटवलं, फोटो घरी पाठवला. वडील फोनवर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आडनाव दिसलं. माझं नाव कुठंय?"

नवीन येणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो : किल्ली मिळाली की पहिलं काम, पेटीवर नाव. आडनाव पुरतं.

माझ्या चिठ्ठीवर आता वडिलांचंही नाव आहे. पत्रं येतात.