सहा घरांचं चक्र

कपाट आवरताना जुनं चामडी होल्स्टर हाती आलं. तेलाचा वास अजून गेलेला नाही.

शस्त्रागारात साहेबांनी विचारलं होतं, "पिस्तूल की रिव्हॉल्व्हर?" इशापूरचं ९ मिमी पिस्तूल, १३ काडतुसांचं. बरोबरीचे सगळे तेच घेत होते. मी .३८ रिव्हॉल्व्हर उचललं. फक्त सहा गोळ्या! पण आमची काडतुसं जुनी असायची आणि सरावाच्या वेळी एखादं फुसकं निघायचंच. पिस्तुलात तसं झालं की दुसऱ्या हाताने स्लाइड ओढावी लागते. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की चक्र फिरून पुढचं काडतूस समोर येतं. गर्दीत माझा डावा हात बहुतेक वेळा कुणाला तरी मागे सारण्यात गुंतलेला असे.

उणीव मोठी होती, ती मला रात्री झोपू देत नसे. सहा संपल्यावर अंधारात, घामेजल्या बोटांनी भरायचं म्हणजे सेकंद नव्हे, युग. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर तर पिस्तूलवाल्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं. न्यूयॉर्क पोलिसांनीही २०१८ मध्ये शेवटची रिव्हॉल्व्हर्स निवृत्त केली.

तरी त्या चापाची लांब, जड ओढ बोटाला आठवते. तेवढ्या अवधीत एकदा समोरच्या पोराने हातातला कोयता खाली टाकला होता.