दहा वॅटसाठी बत्तीस

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या चिप कंपनीने १९८५ साली बंगळुरूत केंद्र उघडलं. त्यानंतर या शहरात मिलिवॅट वाचवण्यावर पोट भरणाऱ्यांची संख्या वाढतच गेली, आणि त्यांतले बरेच जण व्हाइटफील्डला राहायला आले. यांच्यातच काही महाभाग असे, की रात्री घरी जाणूनबुजून वीज खाणारे अ‍ॅम्प्लिफायर बांधत बसतात. प्रस्तुत लेखकही त्याच पंथातला.

या पंथाचं लाडकं सर्किट जॉन लिन्स्ली हूड यांचं. एप्रिल १९६९च्या 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये त्यांनी ते छापलं. मोजके ट्रान्झिस्टर आणि १० वॅट आवाज. आठ ओहमच्या स्पीकरसाठी २७ व्होल्ट आणि १.२ अँपिअर, म्हणजे दहा वॅटसाठी बत्तीस, तेही एका चॅनेलला. क्लास ए म्हणतात तो हाच प्रकार. गाणं लागो न लागो, करंट अखंड चालू. गंमत अशी की जोरात वाजताना त्याचे ट्रान्झिस्टर जरा निवतात, कारण थोडी वीज स्पीकरकडे जाते. सगळ्यात जास्त तापतात ते काहीच वाजत नसताना!

बांधणीत कौशल्य लागतं ते उष्णता बाहेर काढायला. २एन३०५५ ट्रान्झिस्टरचा धातूचा तळ आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची पातळ चकती, तिच्या दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट, तीही अगदी नावाला. जाड थर दिला तर उष्णता तिथेच अडते. पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये शंभर वॅटचा बल्ब जोडायचा. बल्ब क्षणभर उजळून थोडा मंदावला की ठीक, पूर्ण तेजाने भगभगत राहिला तर कुठेतरी शॉर्ट. हे काम एलईडीला जमत नाही, तारेचाच बल्ब लागतो. २०१५च्या उजाला योजनेनंतर घरोघरी एलईडी आले, त्यामुळे असा बल्ब हल्ली दुकानदाराला मागच्या फळीवरून शोधून काढावा लागतो.

आता हिशेब. ट्रान्सफॉर्मरचा तोटा धरून असा स्टिरिओ अ‍ॅम्प भिंतीतून साधारण ८० वॅट घेतो. रोज तीन तास गाणं ऐकलं तर पाव युनिटही होत नाही. दोन किलोवॅटचा गीझर तेवढी वीज सात-आठ मिनिटांत खातो. वर्षाला सुमारे ८८ युनिट, आणि भारतीय ग्रिडच्या युनिटमागे अंदाजे ०.७ किलोच्या हिशेबाने साठेक किलो कार्बन डायऑक्साइड. एवढ्यासाठी कुणाला फासावर देऊ नये. पण नुसता बसून ४०० वॅट खाणारा बडा क्लास ए काहीजण 'तापलेला बरा' म्हणून चोवीस तास चालू ठेवतात. त्याचे वर्षाला साडेतीन हजार युनिट होतात. त्यात घर मुंबईत असेल तर मे महिन्यात ती उष्णता बाहेर काढायला एसीचं बिल वेगळं. खरं तर अ‍ॅम्प ऐकण्याच्या अर्धा तास आधी चालू केला तरी पुरतो.

एवढं करून मिळतं काय? क्लास एबीमध्ये दोन ट्रान्झिस्टर लाटेचा अर्धा-अर्धा भाग उचलतात आणि सांध्यावर बारीकशी खोट राहू शकते. मल्लिकार्जुन मन्सूरांमागचा तानपुरा रात्री हलक्या आवाजात ऐकताना ती खुपते; क्लास एमध्ये सांधाच नाही. मात्र हा युक्तिवाद आता पूर्वीसारखा बिनतोड राहिलेला नाही. बंगळुरूच्या एस. पी. रोडवर टीपीए३११६ चिपचा क्लास डी बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. त्याच्या बऱ्याच वरच्या पायरीवर ब्रुनो पुट्झेज यांची एनकोरसारखी सर्किटं आहेत. क्लास डीची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या घरात जाऊ शकते आणि या वरच्या सर्किटांची डिस्टॉर्शन अनेक क्लास एंना लाजवते. मोजमापात हरलो, हे पंथाने मान्य करावं.

जुन्या यंत्रांची बाजू राहते ती आयुष्याची. जालहळ्ळीला भारत इलेक्ट्रॉनिक्स १९६१पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवू लागली. तिथला ईएल८४ तापायलाच पावणेपाच वॅट घेतो, वर प्लेटला बारा, आणि देतो पावणेसहा. उधळ्याच तो! पण गेला तर सॉकेटमधून उपटून दुसरा खोचता येतो. चिपवाला बोर्ड जळला की बहुधा थेट ई-कचऱ्यात.

पंथाला वाचायचं असेल तर वाट स्पीकरकडून जाते. ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला जिथे दहा वॅट लागतात तिथे ९६ डेसिबलच्या स्पीकरला एक पुरतो. मग क्लास ए असूनही अ‍ॅम्प पंधरा-वीस वॅटांत भागवतो. अडचण जागेची आहे. १९४६च्या क्लिप्शहॉर्नसारखा कार्यक्षम स्पीकर खोलीचा अख्खा कोपरा मागतो, आणि व्हाइटफील्डच्या टू-बीएचकेत तो कोपरा आधीच वॉशिंग मशीनने अडवलेला असतो. सध्या प्रस्तुत लेखक प्लायवूडचे दीड फुटी खोके कापून ९२ डेसिबलपर्यंत तडजोड करता येते का ते बघतो आहे, आणि त्यासाठीचा अ‍ॅम्प पाच वॅटच्या वर न्यायचा नाही असं त्याने ठरवून टाकलं आहे.