एकाहत्तर मीटर

गिरगांवांतल्या आमच्या चाळीच्या गॅलरींत आजोबांनीं ती गोष्ट मला किती वेळां सांगितली असेल! १८९५ सालीं शिवकर बापूजी तळपदे यांनीं चौपाटीवर माणसावांचून विमान उडविलें, आणि तें दीड हजार फूट वर गेलें. परवां मींहि ती भाच्याला ऐकविली. "मामा, उंची मोजली कोणीं?" मी गप्प बसलों. त्या काळचा एकहि भक्कम पुरावा मागें उरलेला नाहीं.

मग तोच सांगूं लागला. दिवाळींतला बाण जळण्यासाठीं लागणारा प्राणवायु दारूंतल्या सोऱ्यांतून बरोबर नेतो. २८ ऑगस्ट २०१६ रोजीं इस्रोनें श्रीहरिकोट्याहून उडविलेलें स्क्रॅमजेट इंजिन ध्वनीच्या सहापट वेगांत तो वाटेंतल्या हवेंतूनच घेत होतें. जळलें मात्र ५ सेकंद. लेसरच्या यानाचें तर बळच जमिनीवर असतें. खालून आलेला किरण यानाचा आरसा एकवटतो, तेथली हवा तापून फुटते, यान वर ढकललें जातें. २ ऑक्टोबर २००० रोजीं अमेरिकेंत लीक मिराबो यांचें सुमारें ५० ग्रॅमचें यान लेसरच्या बळावर ७१ मीटर चढलें.

"एवढेंच?" मी बोलून गेलों, आणि लाजलों. आमची चाळ त्याच्या चतुर्थांशहि उंच नाहीं!

आजोबांची गोष्ट मी पुन्हां सांगेनच. पण 'म्हणतात' हा शब्द घालून.