वादळातले वाटसरू

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघालं की दांडफाटा लागतो. तिथून सहा आसनी रिक्षा आत वळते आणि आपण रसायनीत येतो. नावातच रसायन असलेलं हे गाव. हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सचा कारखाना इथे आला, कामगारांची वसाहत उभी राहिली, पाताळगंगेच्या काठाने एमआयडीसी वाढली. तो मोठा कारखाना आता बंद पडला आहे, पण मोहोपाड्याच्या बाजारातली गर्दी कमी झालेली नाही. मान वर केली की कर्नाळ्याचा सुळका, माणिकगड आणि इर्शाळगड दिसतात. खोपोलीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी पाताळगंगेला मिळतं, म्हणून आजूबाजूचे ओढे आटले तरी ही नदी मे महिन्यातही वाहत असते.

येणाऱ्या पाहुण्याला एवढं दिसतं. पण या भागात आणखी एक वस्ती असते, ती फक्त सातआठ महिन्यांची. दिवाळी उरकली की वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं येतात. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेला बयाणा फेडायला नवराबायको, म्हातारी, पोरंबाळं सगळी येतात. सुट्या विटा एकावर एक रचून भिंती करतात, वर पेंढा आणि ताडपत्री टाकतात. झालं घर. त्याच सुमाराला घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. घोड्यांच्या पाठीवर सगळा संसार असतो आणि ज्याच्या शेतात मेंढरं बसतील तिथे त्यांचा मुक्काम. तिसरे पाहुणे मुंबईचे. कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याला त्यांचे बंगले आहेत. शनिवारी दिवे लागतात, सोमवारी विझतात.

पाऊस तोंडावर आला की ही सगळी मंडळी आपापल्या वाटेने जातात. धनगर घाट चढतात, कातकरी हिशेब करून आपल्या वाडीवर परततात. दर वर्षीचा हा रिवाज. २०२० साली तो मोडला.

त्या वर्षी मार्चपासून टाळेबंदी होती. रमजानचा सगळा महिना मशिदींना कुलूप होतं. २५ मेची ईद आम्ही घरातच केली. ना ईदगाह, ना गळाभेट. भट्ट्यांची कामं मधे बंद पडली, नंतर अर्धीमुर्धी सुरू झाली. हंगाम लांबला, हिशेब अडकला. त्यामुळे एरवी मे अखेरीस रिकाम्या होणाऱ्या झोपड्यांत जून उजाडला तरी माणसं होती. बंगल्यांतही मुंबईची काही कुटुंबं मार्चपासून अडकून राहिली होती.

अशात ईदनंतर नवव्या दिवशी, ३ जूनला, ‘निसर्ग’ वादळ आलं. हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं. दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ते किनाऱ्याला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्याने झोपवल्या आणि मग ते रायगड ओलांडत पुण्याच्या दिशेने गेलं. आम्ही समुद्रापासून आत राहणारी माणसं. वादळ हे किनाऱ्यावरच्या लोकांचं दुखणं, असं आम्हाला वाटायचं. त्या दिवशी तो समज उडाला.

सकाळपासून पाऊस भुरभुरत होता. जुहरच्या सुमाराला वाऱ्याचा आवाज बदलला. आधी सूं सूं होतं, मग ट्रक घाटात जोर लावतो तसा घरघराट. समोरच्या घराचे पत्रे एकामागून एक उचलले गेले. आमच्या दारचा हापूस मुळासकट कलंडला. त्याचे शेवटचे आंबे अजून उतरवायचे होते. विजेचा खांब वाकला आणि मोबाइलचं नेटवर्क गेलं. मी मुलांना मधल्या खोलीत घेऊन बसले. सासूबाई तसबीह ओढत होत्या.

तेवढ्यात दार वाजलं. खिडकीच्या फटीतून पाहिलं. जवळच्या भट्टीवरचं एक कुटुंब होतं: नवराबायको, एक म्हातारी आणि तीन मुलं. मोठी मुलगी माझ्या ओळखीची. टाळेबंदीआधी ती अधूनमधून आमच्या शाळेत येऊन बसायची. सगळे नखशिखांत भिजलेले. त्यांची ताडपत्री उडाली होती आणि रचलेल्या विटा कोसळू लागल्या होत्या.

मी कडीला हात लावला आणि थांबले. खरं तेच सांगते. माझ्या मनात आलं, यांच्या तोंडाला मास्क नाही, घरात म्हातारं माणूस आहे, करोना आला तर? तीन महिने आम्ही सख्ख्या नातेवाइकांनाही उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. मी मुलांना वर्गात शिकवते की वाटसरूला पाणी द्यावं, आसरा द्यावा. आणि वाटसरू दारात उभा होता तेव्हा माझा हात कडीवर अडला.

सासूबाई मागून म्हणाल्या, “अगो, उघड. भायेर पोरां हायत.” आणि त्यांनी स्वतःच दार उघडलं. त्या कुटुंबाला आम्ही पडवीलगतच्या खोलीत बसवलं, सुके कपडे दिले, गॅसवर चहा केला. सासूबाईंनी तोंडावर ओढणी घेतली आणि आम्ही मधलं दार लोटून ठेवलं. काळजीही घेता येते आणि दारही उघडता येतं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

संध्याकाळी वारा पडला. मोहल्ल्यातल्या चारपाच जणांनी जमातखान्याचं कुलूप काढलं. भट्टीवरची आणखी काही कुटुंबं तिथे आली. अंतर ठेवून चटया टाकल्या. रमजानात वाटलेल्या रेशनच्या काही पिशव्या उरल्या होत्या, त्यांतून तांदूळ आणि डाळ निघाली. अंधारात खिचडी शिजली. आमच्या गल्लीत वीज यायला पुढे नऊ दिवस लागले. विहिरीचं पाणी पोहऱ्याने काढताना जुन्या बायका आम्हाला हसल्या.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण आपापलं नुकसान मोजू लागला. कुणाची कौलं, कुणाचे पत्रे, कुणाची आंब्याची झाडं. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ५ जूनला अलिबागला आले आणि रायगडसाठी १०० कोटी रुपयांची तातडीची मदत जाहीर झाली. पंचनामे सुरू झाले. मला लिहितावाचता येतं म्हणून शेजारपाजारचे लोक अर्ज लिहायला येऊ लागले. नाव, गाव, घर क्रमांक, नुकसानीचा तपशील. रोज पंधरावीस अर्ज लिहिले.

मग त्या मुलीचा बाप आला. “बाई, माझाबी अर्ज लिवा.” मी नाव लिहिलं आणि घर क्रमांकापाशी थांबले. भट्टीवरच्या विटांच्या घराला क्रमांक कुठला? जमीन भट्टीमालकाची, विटा मालकाच्या. त्याची स्वतःची म्हणावी अशी एक ताडपत्री आणि चार भांडी. मी विचारलं, “तुझं वाडीवरचं घर?” ते कर्जत तालुक्यात होतं. दिवाळीपासून कुलूपबंद. त्याचंही छप्पर गेल्याचा निरोप आला होता, पण तिथे पंचनाम्याला कोण उभं राहणार? तो जाईपर्यंत वाडीतली फेरी आटोपली होती. इथे तो बाहेरचा आणि तिथे गैरहजर. एकाच वादळाने त्याची दोन घरं नेली आणि यादीत एकही आलं नाही.

दोष कुणा एका माणसाचा नव्हता. कागदाला स्थिर घर कळतं, चालतं घर कळत नाही. करोनात सांगितलं गेलं, घरात राहा. वादळात सांगितलं गेलं, घरात राहा. सल्ला योग्यच होता. पण ज्याचं घर विटा रचून केलेलं आहे त्याने कुठे राहायचं?

बंगल्यांकडे वेगळंच चित्र होतं. तिथेही काचा फुटल्या, झाडं पडली. रस्ते मोकळे झाल्यावर काही कुटुंबं मोटारीने मुंबईला गेली. मागे राहिला तो बंगल्याच्या आवारात एका पत्र्याच्या खोलीत राहणारा राखणदार. त्याच्या खोलीचे पत्रे कधी बसणार हे मालकाच्या फोनवर अवलंबून होतं. सगळे मालक वाईट नव्हते. एकाने राखणदाराला आपल्या दिवाणखान्यात झोपायला सांगितलं, याची आमच्याकडे अजून आठवण काढतात.

अमेरिकेतही हंगामी पाहुण्यांची अशी रीत आहे. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडची पुष्कळ माणसं, त्यांत निवृत्त झालेले अधिक, मोटारीतच बांधलेली घरं घेऊन फ्लोरिडासारख्या उबदार राज्यात मुक्कामाला जातात. २८ सप्टेंबर २०२२ रोजी ‘इयन’ नावाचं वादळ ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलं. तिथे वादळाचा इशारा आला की फिरत्या घरांतल्या लोकांना आधी निघायला सांगतात, कारण ती घरं जमिनीत रोवलेली नसतात, वारा त्यांना सहज उलथवतो. हे वाचलं तेव्हा मला आमची भट्टी आठवली. तिथल्या फिरत्या घराला निदान चाकं आणि इंजिन असतं. आमच्याकडे फिरतात ती माणसं; घर तिथेच कोसळतं. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: ज्याचं छप्पर सर्वांत कच्चं त्याला निरोप सर्वांत आधी.

आपल्या दीनमध्ये अशा माणसासाठी वेगळं नाव आहे: इब्नुस्सबील, म्हणजे वाटेचा लेक. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत त्यांत तो आहे. घरी तो संपन्न का असेना, वाटेत अडकला तर त्याचा हक्क लागू होतो. यात किती बारीक विचार आहे! त्याचं घर कुठे आहे हे नंतर, आज तो कुठे उभा आहे हे आधी. जकात नेमकी कुणाला लागू होते हा मसला उलेमांनी सांगावा. पण सदका आणि पाहुणचार यांना समोरच्याचा धर्म किंवा घर क्रमांक विचारावा लागत नाही.

त्या बापाच्या अर्जाचं पुढे काय झालं तेही सांगते. मी त्याच्या वाडीतल्या शाळेच्या गुरुजींचा नंबर मिळवला. त्यांनी जाऊन उडालेल्या छपराचे फोटो काढले आणि हे कुटुंब इथलंच, कामासाठी बाहेर असतं, असं दोन ओळींचं पत्र दिलं. अर्ज पुन्हा गेला आणि उशिरा का होईना त्याचं नाव लागलं. त्या दोन ओळी नसत्या तर लागलं नसतं.

२०२३ च्या जुलैत आमच्या याच तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता की त्या रात्री घरी कोण होतं आणि बाहेर कोण. आश्रमशाळेत असलेली मुलं वाचली. शेजाऱ्यांना माहीत असलेली नावं हाच अशा वेळी खरा दफ्तर असतो.

म्हणून आता आम्ही दर वर्षी मे महिन्यात तीन कामं करतो. जवळच्या भट्ट्यांवर कोण कुटुंबं आहेत, त्यांची मूळ वाडी कोणती, हे एका वहीत लिहून ठेवतो. जमातखान्याची एक किल्ली शेजारच्या घरी ठेवतो, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको. आणि वादळाचा इशारा आला की मोहल्ल्यातली दोन मुलं भट्टीवर जाऊन सांगून येतात. फार मोठं काम नाही. कोणत्याही गावच्या जमातीला जमेल इतकंच.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्याऱ्या झाल्या. पडवीलगतची ती खोली आम्ही रिकामीच ठेवली आहे. जूनमध्ये वारा सुटला की मी आधी तिची कडी काढून ठेवते. दार वाजेपर्यंत थांबत नाही.