पगार सोडून चर्चमध्ये

कोलकात्याला असाइनमेंटसाठी गेलेले लोक पार्क स्ट्रीट गाठतात. मी गेल्या खेपेला बऊबाजार गाठलं. तिथलं कॅरी बॅप्टिस्ट चर्च बघायचं होतं, ज्याला जुन्या कागदांत लालबाजार चॅपेल म्हणतात. १ जानेवारी १८०९ला ते सुरू झालं. ज्याच्या नावाने ते ओळखलं जातं तो विल्यम कॅरी तसा आपल्याही ओळखीचा. मूळचा इंग्लंडमधला जोडे शिवणारा, इथे येऊन फोर्ट विल्यम कॉलेजात चक्क मराठी शिकवायचा. १८०५मध्ये मराठी व्याकरण, १८१०मध्ये शब्दकोश. तेही बंगालमध्ये बसून!

पण माझं डोकं अडकलं ते एका नवपरिणीत जोडप्यात. अ‍ॅडोनिराम आणि अ‍ॅन जडसन. अमेरिकेत ५ फेब्रुवारी १८१२ला लग्न, आणि दोन आठवड्यांत बोटीवर. हनिमून म्हणजे चार महिने समुद्र! दोघंही एका अमेरिकन मिशनरी मंडळाचे. हे मंडळ तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा देणाऱ्यांचं. कॅरीसारखे बॅप्टिस्ट म्हणणार, आधी माणसाने समजून-उमजून विश्वास ठेवावा, मगच त्याला पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यावा. आता कॅरीला भेटायचं तर वाद होणार, म्हणून अ‍ॅडोनिराम बोटीवरच तयारीला बसला. ग्रीक शब्द, जुने ग्रंथ, सगळं. आणि तयारी करता करता त्याला समोरच्या पार्टीचंच पटायला लागलं!

अ‍ॅन वैतागली. तू बॅप्टिस्ट झालास तरी मी होणार नाही, असं तिने सुनावलं. (शाब्बास.) मग तिने स्वतः अभ्यास केला आणि तिचंही मत बदललं. ६ सप्टेंबर १८१२ला लालबाजारच्या या चॅपेलमध्ये दोघांनी बाप्तिस्मा घेतला. तो चोवीस वर्षांचा, ती बावीस.

आणि मंडळाला राजीनामा. म्हणजे परक्या देशात, पगार बंद, कंपनी सरकार 'चालते व्हा' म्हणतंय, आणि घरी पत्र पोचायला कित्येक महिने.

गेल्या वर्षी मीही बऱ्या पगाराची नोकरी सोडली. जे लिहून घेत होते ते पटेनासं झालं होतं. बाबांचा एकच प्रश्न : 'पुढची हातात आहे का?' नव्हती. त्यामुळे शिंपडायचं की बुडवायचं, हा वाद मला फारसा भिडत नसला, तरी तो राजीनामा भिडतो. कुणी त्यांना काढलं नव्हतं. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं.

त्यांचा सोबती ल्यूथर राइस याचंही मत फिरलं. तो अमेरिकेला परतून बॅप्टिस्टांना गोळा करत फिरला. १८१४मध्ये फिलाडेल्फियात त्यांची देशपातळीवरची संघटना उभी राहिली आणि जडसनना पाठबळ मिळालं. तोवर ते रंगूनला पोचले होते.

जुन्या मतावर ठाम राहिलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट कलकत्त्याहून निसटले आणि फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्यापासून सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशननेच पुढे १८४२मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' काढलं.